टकरीचा हिशेब आणि दोषाचा निवाडा

१

पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांत टकरीचीं उदाहरणें नाहींत असें सहसा होत नाहीं. महाराष्ट्रांतील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यास 'गतीचे नियम' या प्रकरणांत संवेग अक्षय्यतेचा सिद्धान्त सांगतात, आणि मग त्याच्यापुढें कांहीं गणितें ठेवतात : इतक्या वस्तुमानाची एक वस्तु इतक्या वेगानें आली, दुसऱ्या एका स्थिर वस्तूवर आदळली, दोन्ही एकमेकींस चिकटून पुढें गेल्या, तर त्यांचा वेग किती? विद्यार्थी गुणाकार करतो, बेरीज करतो, भागाकार करतो, उत्तराखालीं दुहेरी रेघ ओढतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. उत्तर बरोबर असल्यास त्याला गुण मिळतात, व विषय संपतो.

हा विषय इतक्या लवकर संपूं नये असें आम्हांस वाटतें. शाळेंतील हें निरुपद्रवी दिसणारें गणित एका फार जुन्या नैतिक प्रश्नाच्या उंबरठ्यावर उभें आहे. टक्कर झाली म्हणजे दोष कोणाचा, हा तो प्रश्न होय. 'टाळी एका हातानें वाजत नाहीं' ही म्हण गांवच्या पंचायतींत, कोर्टाच्या ओसरीवर व घरच्या भांडणांत सारखीच ऐकूं येते. तिचा उच्चार बहुधा मध्यस्थाच्या तोंडून होतो, आणि तिचा उपयोग बहुधा बलिष्ठाला होतो. तिच्याच जोडीला अलीकडे दुसरें एक वचन रूढ झालें आहे : 'क्रिया झाली, मग प्रतिक्रिया होणारच.' दंगलीनंतर, मारामारीनंतर, घरांतील हात उगारण्यानंतरही, हें वचन न्यूटनच्या नांवानें खपविलें जातें. हीं दोन्हीं वचनें शास्त्राच्या पाठबळानें बोलल्यासारखीं वाटतात. शास्त्र खरोखरच तसें म्हणतें काय, आणि म्हणत नसल्यास तें काय म्हणतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न वर्ध्याच्या परिसरांत विचारण्यास विशेष औचित्य आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही आपली कल्पना मांडली. तिचा तपशील ठरविण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यात आली, आणि तिच्या अहवालांतून जी योजना उभी राहिली ती 'वर्धा योजना' किंवा 'नयी तालीम' या नांवानें देशभर प्रसिद्ध झाली. ज्ञान आणि जीवन यांची फारकत होऊं नये, हा तिचा मुख्य आग्रह. हाताच्या कामांतून गणित उगवावें, आणि गणितांतून मनुष्याचें वागणें उजळावें, अशी तिची अपेक्षा होती. त्या योजनेचें पुढें काय झालें, हा निराळा विषय आहे. परंतु तिनें विचारलेला प्रश्न अद्याप जुना झालेला नाहीं : मूल जें गणित सोडवितें, तें त्याच्या आचरणापर्यंत पोंचतें कीं वहींतच राहतें?

२

टकरीचे धडे घेण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. गोट्या खेळणाऱ्या मुलाला पहिला धडा आपोआप मिळतो. एक गोटी स्थिर असलेल्या तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी मध्यावर आदळली, म्हणजे आलेली गोटी जवळजवळ जागच्याजागीं थांबते आणि स्थिर असलेली तिचा वेग घेऊन निघून जाते. गति एकीच्या हातून दुसरीच्या हातीं गेली. मध्यें फारसें कांहीं सांडलें नाहीं. दुसरा धडा रेल्वेच्या यार्डांत मिळतो. एक मालडबा हळूहळू येऊन तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या उभ्या डब्यास भिडतो, कडी अडकते, आणि दोन्ही डबे मिळून पुढें सरकतात. पण पहिल्याच्या निम्म्या वेगानें. वस्तुमान दुप्पट झालें, वेग निम्मा झाला. दोहोंचा गुणाकार, म्हणजे संवेग, होता तेवढाच राहिला. येथें मात्र कांहीं तरी सांडलें आहे. गतिज ऊर्जेचा हिशेब केला तर ती बरोबर निम्मी उरलेली आढळते. उरलेली निम्मी त्या खडखडाटांत, लोखंडाच्या थरकांपांत व उष्णतेंत गेली.

आतां तिसरें उदाहरण घेऊं. मालानें भरलेला एक ट्रक आहे. त्याचें वस्तुमान १९,८०० किलोग्रॅम. तो सेकंदास १० मीटर, म्हणजे तासास ३६ किलोमीटर वेगानें जात आहे. समोरून एक दुचाकी तितक्याच वेगानें येत आहे. स्वारासह तिचें वस्तुमान २०० किलोग्रॅम. दोहोंची टक्कर होते व दोन्ही वाहनें एकत्र पुढें ढकललीं जातात असें मानूं. त्या क्षणापुरतें रस्त्याचें घर्षणही सोडून देऊं. ट्रकचा संवेग १,९८,०००. दुचाकीचा २,०००, परंतु उलट्या दिशेनें, म्हणून तो वजा. बाकी १,९६,०००. एकंदर वस्तुमान २०,०००. भागाकार केला कीं उत्तर येतें : सेकंदास ९.८ मीटर. येथें विद्यार्थी दुहेरी रेघ ओढतो.

ती रेघ ओढण्यापूर्वीं त्यानें आणखी दोनच वजाबाक्या कराव्या. ट्रकचा वेग १० वरून ९.८ झाला, फरक ०.२ मीटरचा. दुचाकीचा वेग एका दिशेच्या १० वरून उलट दिशेच्या ९.८ वर गेला, फरक १९.८ मीटरचा. ट्रकचा संवेग ३,९६० नें घटला, आणि दुचाकीचा नेमका ३,९६० नेंच बदलला. न्यूटनचा तिसरा नियम अक्षरशः खरा ठरला : ट्रकनें दुचाकीवर जेवढें बळ लावलें, तेवढेंच दुचाकीनें ट्रकवर लावलें. टाळी दोन हातांनींच वाजली. परंतु वेगांतील फरक मात्र एकाच्या वांट्यास दुसऱ्याच्या नव्याण्णवपट आला. चालकास ब्रेकवर किंचित् पाय ठेवल्याइतका हिसका बसला. स्वाराचें काय झालें, हें सांगण्यास गणित लागत नाहीं.

म्हणजे शास्त्र समानतेची ग्वाही देतें ती आघाताच्या समानतेची. दुःखाच्या समानतेची नव्हे. म्हण वापरणारा या दोहोंची गल्लत करतो. 'दोघांनींही एकमेकांस धक्का दिला' हें विधान खरें असतें, आणि त्याच्या आडून 'दोघांचेंही सारखेंच नुकसान झालें', व तेथून पुढें 'दोघेही सारखेच दोषी', असें एकामागून एक सरकत जातां येतें. यांतील पहिली पायरी पक्क्या दगडाची आहे; दुसरी आणि तिसरी कागदाच्या आहेत.

आणखी एक गोष्ट येथेंच नमूद करावी. समसमान दोन वाहनें समसमान वेगानें समोरासमोर आदळलीं, तर टकरीपूर्वीं त्यांच्या संवेगांची बेरीज शून्य असते आणि टकरीनंतरही शून्यच. जो केवळ ही एकच वही पाहील, त्याला कांहींच घडलें नाहीं असें दिसेल. वस्तुतः सर्व गतिज ऊर्जा मोडतोडींत खर्ची पडलेली असते. दिशा असलेल्या राशि एकमेकींस खोडून टाकतात. दुःखाला अशी दिशा नसते, म्हणून एकाच्या दुःखानें दुसऱ्याचें दुःख वजा होत नाहीं. 'त्यांचेही मेले, यांचेही मेले, फिटंफाट झाली' असें म्हणणारा मनुष्य दुःखाला संवेगाचें गणित लावीत असतो.

३

टकरीचे नियम मनुष्याला सहजासहजीं सांपडले नाहींत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत टकरीचे सात नियम दिले. त्यांतील बहुतेक चुकीचे होते. गतीच्या मापांत त्यानें आकार व चाल यांचा गुणाकार घेतला, परंतु दिशा वगळली. त्याचा चौथा नियम तर विलक्षण आहे : लहान वस्तु कितीही वेगानें येवो, स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती कधींच हलवूं शकत नाहीं, ती आपण तेवढी उसळून परत जाते. एवढ्या कुशाग्र बुद्धीच्या पुरुषास हें खरें वाटलें याचें नवल करण्याचें कारण नाहीं. रोजच्या अनुभवांत घर्षण असतें, आणि घर्षणामुळें मोठें हें अढळच दिसतें.

डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्स यानें ही चूक दुरुस्त केली. कोणतीही लहान वस्तु कोणत्याही मोठ्या वस्तूला आपल्या आघातानें हलवितेच, असें त्यानें सिद्ध केलें. त्याची युक्ति मोठी सुंदर होती. नदींत संथपणें चाललेल्या होडींत एक मनुष्य उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही हातांत दोरीला टांगलेले गोळे आहेत. कांठावर दुसरा एक मनुष्य तेंच पाहत आहे. होडींतला म्हणतो, दोन्ही गोळे सारख्या वेगानें एकमेकांकडे आले. कांठावरचा म्हणतो, एक गोळा स्थिर होता व दुसरा येऊन त्यावर आदळला. दोघेही खरें बोलतात. म्हणून जो नियम होडींत खरा, तो कांठावरही खरा असला पाहिजे. या एका विचारावर त्यानें सारे नियम उभारले. १६६८-६९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वॉलिस, रेन व ह्यूजेन्स या तिघांचीं टकरीसंबंधींचीं निवेदनें आलीं. ह्यूजेन्सचा मूळ ग्रंथ मात्र त्याच्या मरणानंतर १७०३ सालीं छापला गेला.

ह्यूजेन्सच्या होडींत बसून आपण आपल्या ट्रकच्या उदाहरणाकडे पुन्हां एकदां पाहूं. आतां संवेगाऐवजीं ऊर्जेची वही उघडूं. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या मनुष्याच्या हिशेबानें ट्रकची गतिज ऊर्जा ९,९०,००० ज्यूल व दुचाकीची अवघी १०,००० ज्यूल. टकरीनंतर दोहोंची मिळून उरली ९,६०,४००. म्हणजे मोडतोडींत गेली ३९,६००. दुचाकीनें आपल्यासोबत आणलेली सगळी ऊर्जा जरी या नाशांत घातली, तरी ती एकचतुर्थांशाच्या जवळपास भरते. उरलेला तीनचतुर्थांश नाश ट्रकनेंच पुरविला असला पाहिजे. कडेला उभा असलेला मनुष्य सहजच म्हणेल कीं, विध्वंस ट्रकनें आणला.

आतां ट्रकचालकाच्या आसनावर बसूं. त्याच्या दृष्टीनें ट्रक स्थिर आहे, आणि समोरून एक दुचाकी सेकंदास २० मीटर वेगानें त्याच्या अंगावर धांवून येत आहे. त्याच्या वहींत ट्रकची ऊर्जा शून्य, दुचाकीची ४०,००० ज्यूल. टकरीनंतर उरली ४००. नाशांत गेली तीच ३९,६००. चालक म्हणेल, सगळा विध्वंस दुचाकीनें आणला, मी तर जागचा हललोंही नव्हतों! आणि गणितापुरतें पाहिलें तर त्याच्या हिशेबांत एका पैचीही चूक नाहीं.

या उदाहरणांत टकरीच्या तत्त्वज्ञानाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. नाश कोणी आणला, या प्रश्नाचें उत्तर आसनागणिक बदलतें. परंतु नाश किती झाला, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही आसनावरून तेंच येतें : ३९,६००. आरोप सापेक्ष आहे. हानि निरपेक्ष आहे. म्हणून ज्याला खरोखर न्याय करावयाचा आहे, त्यानें चौकशीचा आरंभ 'कोणी सुरुवात केली' येथून न करतां 'काय मोडलें, कोणाचें मोडलें' येथून करावा. भांडणाऱ्या दोन पक्षांपैकीं प्रत्येक जण आपल्याच ट्रकांत स्थिर बसलेला असतो, आणि प्रत्येकाला जग आपल्यावर चालून येतांना दिसतें. त्याला खोटें पाडण्यांत अर्थ नाहीं, कारण तो खोटें बोलत नसतो. त्याला खालीं उतरवून जें मोडलें तें दाखवावें लागतें.

४

आतां 'क्रियेस प्रतिक्रिया' या वचनाकडे वळूं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमांतील प्रतिक्रिया आणि सूड घेणाऱ्याची प्रतिक्रिया यांत शब्दाखेरीज कांहींएक साम्य नाहीं. पहिली गोष्ट, नियमांतील क्रिया व प्रतिक्रिया एकाच क्षणीं घडतात. त्यांत आधीं कोणती व मागून कोणती असा क्रमच नाहीं. कोणत्या बळाला क्रिया म्हणावयाचें आणि कोणत्याला प्रतिक्रिया, हेंही आपल्या इच्छेवर अवलंबून असतें. सूड हा मागाहून येतो. कधीं दुसऱ्या दिवशीं, तर कधीं दुसऱ्या पिढींत. दुसरी गोष्ट, नियमांतील दोन बळें टकरींत सांपडलेल्या त्या दोनच वस्तूंवर लागतात. सूड हा बहुधा तिसऱ्याच कोणावर, ज्याचा टकरीशीं संबंध केवळ नांवाचा, जातीचा अथवा मोहल्ल्याचा असतो त्याच्यावर, जाऊन पडतो. तिसरी गोष्ट, नियमांतील प्रतिक्रिया समान असते. सूड समान राहिल्याचें इतिहासांत क्वचितच आढळेल. आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दगडाला प्रतिक्रिया न देण्याची मोकळीक नाहीं, मनुष्याला आहे. ज्या कृत्यापूर्वीं रात्रभर विचार करावयास वेळ मिळाला, त्याला निसर्गनियम म्हणणें हा निसर्गावर व न्यूटनवर, दोघांवरही अन्याय आहे.

या मोकळिकीचा उपयोग कसा करावा, यावर वर्ध्याच्या भूमींत बरेंच चिंतन झालें आहे व कांहीं आचरणही झालें आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें विनोबांनीं वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. एक कृश मनुष्य युद्धविरोधाचें भाषण करतो, आणि समोर युद्धांत गुंतलेलें एक साम्राज्य उभें असतें. देकार्तच्या चौथ्या नियमाप्रमाणें अशी लहान वस्तु त्या मोठ्या वस्तूला तिळभरही हलवूं शकणार नाहीं. ह्यूजेन्सच्या नियमाप्रमाणें ती हलवितेच, मग तें हलणें डोळ्यांस दिसो वा न दिसो. उपमा हें प्रमाण नव्हे, हें आम्ही जाणतों. साम्राज्य हें लांकडाच्या गोळ्यासारखें चालत नाहीं, आणि सत्याग्रह हा चेंडू नव्हे. तथापि 'आपल्यासारख्यानें काय होणार' या आपल्या नित्याच्या सबबीला शास्त्राचा आधार नाहीं, एवढें तरी या उपमेनें समजावें.

ओल्या मातीवर गोळा टाकला, तर तो उसळत नाहीं; माती तो आघात आपल्या आकारांत जिरविते. हॉलंडमधील ग्रावेसांद यानें १७२२ च्या सुमारास पितळेचे गोळे मऊ मातींत पाडून त्या खड्ड्यांवरूनच असें दाखविलें कीं, आघाताची मोडण्याची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. सत्याग्रही पुष्कळ अंशीं या मातीचें काम करतो : आघात आपणांत संपवितो, पुढच्याच्या अंगावर लोटीत नाहीं. फरक इतकाच कीं, मातीला तसें करण्याचें श्रेय नाहीं, कारण तिला दुसरें कांहीं करतां येत नाहीं. आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाला 'तूं माती हो' असा उपदेश करण्याचा अधिकार आघात करणाऱ्यास कधींही पोंचत नाहीं. आघात जिरविण्याचा निर्णय सोसणाऱ्याचाच असला पाहिजे. तो दुसऱ्यानें लादला तर तें निव्वळ दडपण होय.

५

येथवर आम्हीं शास्त्राच्या नांवावर खपणाऱ्या दोन वचनांचा परामर्श घेतला. परंतु केवळ खंडनानें काम भागत नाहीं. आघात समान, आरोप सापेक्ष, तर मग दोषाचा निवाडा करावयाचा कशाच्या आधारानें?

याचें उत्तर आमच्या मतें गणिताच्या पहिल्याच ओळींत आहे; फक्त तिकडे कोणी पाहत नाहीं. विद्यार्थी वहींत प्रथम लिहितो : 'दिलेलें', आणि त्याखालीं वस्तुमानें व वेग मांडतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें ते वेग दिलेले असतात. रस्त्यावरच्या चालकाच्या दृष्टीनें ते दिलेले नसतात. ते निवडलेले असतात. किती माल भरावा, किती वेगानें हांकावें, झोंप आली असतां थांबावें कीं नाहीं, वळणावर कोणत्या बाजूनें जावें, हें सगळें टकरीपूर्वीं ठरतें. गणित जेथें सुरू होतें, तेथें दोषाचें काम संपलेलें असतें. संवेगाचा नियम टकरीच्या क्षणाबद्दल सर्व कांहीं सांगतो आणि त्याच्या आदल्या क्षणाबद्दल कांहींच सांगत नाहीं. आणि नीतीचा सगळा प्रांत तो आदला क्षण हाच आहे. रस्ता हा सर्वांचा सामायिक कांठ आहे. होडी कोणाचीही असो, नियम कांठाचे असतात, व त्या नियमांस आपण प्रवासाला निघण्यापूर्वींच संमति दिलेली असते. दोष मोजावयाचा तो या कांठावरून.

वर्धा जिल्ह्यांतून नागपूर व मुंबई यांस जोडणारा समृद्धि महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. हलक्या वाहनांस त्यावर तासास १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा देण्यात आली. ६० चा वेग १२० केला कीं संवेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट होते. ग्रावेसांदच्या मातीनें सांगितलेली गोष्ट हीच. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच मार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजानजीक, नागपुराहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस आदळून उलटली व पेटली. २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले, आणि त्यांत वर्ध्याकडील प्रवासीही होते. तेथें समोरून येणारें दुसरें वाहन नव्हतें. 'टाळी एका हातानें वाजत नाहीं' ही म्हण अशा वेळीं कोणाला ऐकवावयाची? आत झोंपलेल्या प्रवाशांनीं वेग निवडलेला नव्हता. शाळेच्या वहींतला 'दिलेलें' हा शब्द जगांत कोणाला खऱ्या अर्थानें लागू पडत असेल, तर तो त्यांना. ज्याच्या हातीं दुसऱ्याचा वेग असतो, त्याची जबाबदारी स्वतःपुरती राहत नाहीं; आणि त्या जबाबदारींत चालकाबरोबर गाडीचा धनी, रस्ता बांधणारा व नियम करणारा, असे सर्वच येतात.

जड असणाराची जबाबदारी हा याच विचाराचा दुसरा भाग आहे. जड वाहनाचा चालक नेहमींच दोषी असतो असें आमचें म्हणणें नाहीं. दुचाकीस्वार उलट्या बाजूनें बेफाम आला असेल, तर दोष त्याचा. त्याचें हलकेपण त्याला निर्दोष ठरवीत नाहीं. पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष मागें पाहतो, जबाबदारी पुढें. वरच्या गणितांत ट्रकला अवघ्या ०.२ मीटरचा हिसका बसला, याचा अर्थ असा कीं, जड असणाऱ्याला त्याचें शरीर सावध करीत नाहीं. हलक्याला भय शिकवितें. जडाला भयाचा गुरु नसतो. म्हणून त्यानें सावधगिरी बुद्धीनें धारण करावी लागते. सावकार व कूळ, अधिकारी व अर्जदार, बहुसंख्य व अल्पसंख्य, सासर व नवी सून, या साऱ्या जोड्यांत हेंच दिसतें. जडाचें म्हणणें असतें, 'इतकें काय झालें? मला तर कांहींच लागलें नाहीं.' त्याचें म्हणणें खरें असतें. आणि तेंच त्याच्याविरुद्धचें सर्वांत मोठें प्रमाण असतें.

६

टकरीच्या गणितांत आणखी एक राशि असते; ती म्हणजे काळ. संवेगांतील बदल ठरलेला असला, तरी तो किती वेळांत घडतो यावर बळ अवलंबून असतें. भिंतीवरून उडी घेणारा मनुष्य फरशीवर पडो कीं कापसाच्या गंजीवर, त्याचा संवेग शेवटीं शून्यच होतो. फरशी तें काम निमिषांत उरकते आणि हाड मोडते. कापूस तेंच काम सावकाश करतो, आणि मनुष्य हंसत उठतो. हिंगणघाटकडच्या जिनांत कापसाच्या ढिगावर उड्या मारलेल्या पोराला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. 'दगडापेक्षां वीट मऊ' ही म्हण याच ज्ञानाची आहे. समाजांतील पालटांनाही हें लागू पडतें. जो पालट व्हावयाचाच आहे, तो सोसवेल इतक्या काळांत घडवून आणणें हें शहाणपण आहे. परंतु येथेंही एक सावधगिरी हवी. कापूस मनुष्याला थांबवितोच. तो त्याला हवेंत लोंबकळत ठेवीत नाहीं. सावकाशपणाच्या नांवाखालीं पालटच होऊं न देणारा मनुष्य कापसाचें काम करीत नसून टाळाटाळ करीत असतो.

मग टकरीचें गणित शिकवावें कसें? सूत्र वगळावें असें कोणी म्हणणार नाहीं. सूत्रावांचून पुढचें सर्व बोलणें पोकळ होईल. ३,९६० या आंकड्यापर्यंत जो पोंचला नाहीं, त्याला आघात समान असतो हें कळणार नाहीं, आणि ०.२ व १९.८ हे आंकडे ज्यानें स्वतः काढले नाहींत, त्याला दुःख असमान असतें हेंही नीट उमगणार नाहीं. विद्यार्थ्याला तयार उत्तर उतरवून देणारा त्याचे गुण वाढवितो व समज चोरतो. आमची सूचना एवढीच कीं, उत्तराखालीं रेघ ओढण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें चार प्रश्न आणखी विचारावे. कोणत्या वस्तूचा वेग किती बदलला? ऊर्जा कोठें गेली? हेंच दुसऱ्या आसनावरून कसें दिसेल? आणि 'दिलेलें' म्हणून जें लिहिलें, तें खरोखर कोणी दिलें होतें? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें गणितानें येतात. चौथ्याचें येत नाहीं, हें विद्यार्थ्यास कळणें हाच त्या धड्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

शास्त्र आपणांस न्याय देत नाहीं. तें केवळ खोट्या न्यायाचे आधार काढून घेतें. 'दोघेही सारखेच' हा आधार तें काढून घेतें, 'होणारच होतें' हा आधारही काढून घेतें. त्यानंतर जें उरतें, तें आपल्यालाच ठरवावें लागतें, आणि तें टक्कर होण्यापूर्वीं ठरवावें लागतें. टकरीनंतर मनुष्याच्या हातांत फक्त हिशेब असतो. टकरीपूर्वीं त्याच्या हातांत वेग असतो.